दोन बोटं माया

आमचं गाव इचलकरंजी. महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून गावाला शांतता म्हणून ठाऊक नाही. रात्री दोनला जाग आली तरी मागांची खटखट चालूच. परगावचे पाहुणे पहिल्या रात्री कानावर उशी घेऊन तळमळतात. आमचं उलट. सुट्टीच्या दिवशी माग थांबले की आम्हांला झोप येत नाही.

तर जिथं माणसांपेक्षा कापड जास्त, अशा गावात जन्मून, वाढून, चव्वेचाळीस वर्षांचा होऊनही मला अंगाला बसेल अशी एक पँट मिळू नये, याला काय म्हणायचं? साखर कारखान्याच्या चेअरमनला मधुमेह व्हावा, त्यातलाच हा प्रकार.

दोष कापडाचा नाही, माझा आहे. मी कॉमर्सचा पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकून, तेव्हा वस्तुस्थिती ताळेबंदासारखीच मांडतो. उंची ५ फूट ३ इंच. छाती ३९. कंबर ४२. पायाची आतली लांबी २६. छातीपेक्षा कंबर ३ इंचांनी जास्त म्हणजे जमेपेक्षा खर्च जास्त, हे कॉमर्स न शिकलेल्यालाही कळेल. पोट ही माझी एकमेव मुदत ठेव. मुदत संपली तरी मोडता येत नाही, आपोआप रिन्यू होते. शिवाय डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. शाळेत दप्तर एकाच खांद्याला अडकवल्याचा हा परिणाम, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. या खांद्याची हकिकत पुढं यायची आहे.

तयार सूट कापणारे लोक धरून चालतात की पुरुषाची कंबर छातीपेक्षा साधारण ६ इंच कमी असते. या फरकाला ते 'ड्रॉप' म्हणतात. माझा ड्रॉप उणे ३. म्हणजे आमच्याकडे ड्रॉप नाहीच, भाववाढ आहे.

आकड्यांचं तर विचारूच नका. देशात दशमान पद्धतीचा कायदा झाला १९५६ साली. शिंप्याच्या टेपवर एका अंगाला सेंटिमीटर आले, पण त्या अंगाकडं बघणारा शिंपी मी अजून पाहिलेला नाही. तयार फॉर्मल शर्टावर मात्र ४० लिहिलं असेल तर ते सहसा गळ्याचं माप असतं आणि तेही सेंटिमीटरमध्ये. पँटवर ४० लिहिलं असेल तर ते कंबरेचं आणि इंचांत. एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकाचं वरचं खातं एका चलनात आणि खालचं दुसऱ्या! आमच्या बँकेत असा हिशेब कुणी लिहिला असता तर त्याची चौकशी लागली असती.

तयार कपड्यांच्या दुकानात मी शिरतो तो परीक्षेला बसल्यासारखा. काउंटरवरचा पोरगा हसून विचारतो, "या सर, कोणत्या साइजमध्ये दाखवू?"

मी हळूच सांगतो, "बेचाळीस."

तो माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघतो (वेळ फारसा लागत नाही) आणि माळ्याकडं तोंड करून ओरडतो, "अरे, वरनं बेचाळीस टाक रे! काकांना!"

'सर'चा 'काका' व्हायला एक आकडा पुरतो. माळ्यावरून पँट पडते. मागोमाग सगळ्या दुकानाची नजर माझ्या कंबरेवर पडते.

ट्रायल रूम ज्यानं शोधून काढली, त्याला पोट नसावं. त्या खोक्यात एका पायावर उभं राहून दुसरा पाय पँटमध्ये घालणं ही योगासनांतली वरची पायरी आहे. तोल जाऊन कोपर दारावर आपटलं की बाहेरून कुणीतरी विचारतं, "आत हाय का कोण?" यावर काय उत्तर द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

कंपन्यांच्या कल्पनेतला बेचाळीस कंबरेचा माणूस म्हणजे कोल्हापूरच्या तालमीतला सहा फुटी पैलवान असतो. त्यामुळं पँट कंबरेला बसते, पण माझे पाय आत वाटेतच राहतात. खाली पाच-सहा इंच कापड जमिनीवर लोळत असतं. दुकानदार म्हणतो, "काळजी नको, खालून कापून देतो. फ्री!" पगारातून कर कापून घेतात तो टी.डी.एस. आणि हाही टी.डी.एस.: ट्राउझर डिडक्टेड ॲट सोर्स. फरक एवढाच की याचा परतावा मिळत नाही. पुन्हा गंमत अशी, की पँटला गुडघ्याशी आकार दिलेला असतो. खालून ५ इंच कापले की पँटचा गुडघा माझ्या नडगीवर येतो. मी चालायला लागलो की दोन गुडघे माझे वाकतात आणि दोन पँटचे.

मग घरबसल्या मोबाइलवरून मागवून पाहिली. सौ.नं टेप लावून मापं घेतली, मी श्वास रोखून ती कमी भरवली. पँट आली, ती कंबरेला आवळ आणि पायांत लांब. परत पाठवायला गेलो तर मोबाइल विचारतो, 'परतीचं कारण निवडा. साइज लहान? साइज मोठी?' एकच निवडता येत होतं. 'दोन्ही' अशी सोय नव्हती.

पण खरा प्रसंग ओढवला तो १० नोव्हेंबर २०१६ या दिवशी. आठ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झालेली, नऊला बँका बंद आणि दहाला उघडल्या. दारापासून पार चौकापर्यंत रांग. मी कॅशवर. साडेअकराच्या सुमारास शंभराचं एक बंडल खाली पडलं. मी वाकलो. मागच्या बाजूनं असा काही आवाज झाला, की शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, "नोट फाटली का हो?"

म्हटलं, "हो. आणि बदलून मिळणार नाही."

त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत मी खुर्चीतून हललो नाही. डबा खुर्चीतच खाल्ला, पाण्याचा थेंब घेतला नाही. कारणं उघड आहेत. पुढच्या मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझं उदाहरण दिलं. "दहा तास! हा माणूस जागेवरून उठला नाही. याला म्हणतात निष्ठा!" टाळ्या पडल्या. माझ्या नोकरीतलं हे एकमेव जाहीर कौतुक, आणि ते पँटच्या खात्यावर जमा व्हायला हवं होतं.

रात्री घरी सौ.नं ती पँट उलटी करून दिव्याखाली धरली. "अहो, हिला मायाच नाही."

शिवणकामातल्या मंडळींना हा शब्द ठाऊक असेल. शिलाईच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस वाढला की शिवण उसवायची, माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची. माझ्या पँटला आत जेमतेम करंगळीच्या नखाएवढं कापड होतं. कारखान्यात इंच-इंच वाचवायचा असतो. लाखो पँटी कापायच्या, तिथं कोण कुणावर माया करणार?

"त्यापेक्षा मास्तरांकडं का जात नाही?" सौ. म्हणाली.

मी नुसतंच हं केलं, आणि पुढची आठ वर्षं पँटी फाडत राहिलो. त्याला कारण होतं.

मास्तर म्हणजे आमचे टेलरमास्तर. लहानपणी माझी प्रत्येक चड्डी त्यांनीच शिवली. मला टेबलाशी उभं करून अण्णा, म्हणजे माझे वडील, एकच वाक्य सांगायचे, "वाढत्या अंगाचं शिवा." त्यामुळं जूनमध्ये शर्ट माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा आणि तो बरोबर बसायला लागेपर्यंत विटलेला असायचा. वाढत्या अंगाचं, वाढत्या अंगाचं, असं दहा-बारा वर्षं ऐकून माझ्या अंगानं ते मनावर घेतलं असावं.

अण्णा सूतगिरणीत हिशेबनीस. बुटके, पोट सुटलेले, पँट पोटाच्या पार वर, जवळजवळ बरगड्यांशी बांधलेली. कॉलेजात मित्र हसायचे. "तुझे वडील पँटमधनं बोलतात काय रे?" मीही हसायचो. हसायला नको होतं, पण हसलो.

२००४ साली मला बँकेत नोकरी लागली. अण्णांनी करड्या रंगाचा टेरिकॉटचा पँटपीस आणला. म्हणाले, "मास्तरांकडं टाकू. पहिल्या दिवशी घालशील."

मी म्हटलं, "अण्णा, आता शिवून कोण घालतं? तयार मिळते की."

अण्णा काही बोलले नाहीत. कापडाची घडी पुन्हा तशीच्या तशी घातली. पुढं त्या पीसचं काय झालं, मी विचारलं नाही. अण्णांना जाऊनही आता तीन वर्षं झाली.

मधल्या काळात मी पदोन्नतीच्या परीक्षेसाठी स्टॅटिस्टिक्स पुन्हा उघडलं. परीक्षेत नापास झालो, पण त्या निमित्तानं एक गोष्ट वाचनात आली. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलानं ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. विमानातली बसायची जागा सरासरी वैमानिकाच्या मापाची करायची होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं उंची, छाती अशी १० मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती, ते मोजलं. १९५२ च्या त्याच्या अहवालात आकडा आला शून्य. चार हजारांत एकही नाही! मग हवाई दलानं शहाणपणा केला आणि खुर्च्या पुढंमागं सरकणाऱ्या करायला घेतल्या. आपल्याकडंही राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं २५ हजार भारतीयांची मापं यंत्रानं घ्यायचा प्रकल्प काढला आहे. त्यात माझ्यासारखा एखादा सापडला तर कृपा करून त्याला बाजूला काढू नये. पण ते वाचून माझ्या मनातली एक अढी मात्र गेली. सरासरीत बसणारा जर कुणी नाहीच, तर मी एवढा लाजतो कुणाला?

गेल्या वर्षी मास्तरांकडं गेलो. दुकान तेच. मास्तर वाकलेले, चष्मा दोरीनं बांधलेला. मला बघून म्हणाले, "आण्णांचं पोरगं न्हवं? लई दिसानं!" आणि गळ्यातला टेप काढला. "पैलं एक सांगा. पोट पँटच्या वाटणीला द्यायचं का शर्टाच्या?"

वीस वर्षांत मला एवढा मुद्द्याचा प्रश्न कुठल्याही दुकानात कुणी विचारला नव्हता.

पोटाच्या खाली पट्टा बांधला की पँट घसरते, पोटाच्या वर बांधली तर घसरायला वाट नाही. मग आसन तेवढं खोल कापावं लागतं, हे मास्तरांनी मला चार वाक्यांत समजावलं. म्हणजे अण्णांची ती बरगड्यांशी बांधलेली पँट ही अडाण्याची फॅशन नव्हती. तो हिशेब होता, आणि हिशेबनिसाचा असल्यामुळं बरोबर होता.

मापं घेता घेता मास्तर थांबले. माझा डावा खांदा दोनदा मोजला. मग फळीवरची जुनी वही काढली, धूळ झटकली आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. वर अण्णांचं नाव. खाली मापं. छाती ३९. कंबर साडेचाळीस. आत २६. आणि शेवटी, 'डावा खांदा अर्धा इंच उतार.'

इतकी वर्षं मी बिचाऱ्या दप्तराला दोष देत होतो.

"नवी कशाला शिवता?" मास्तर म्हणाले. "आण्णांची एक करडी पँट आसंल बगा घरात. टेरिकॉटची. ती आना."

घरी आईनं ट्रंक उघडली. पँट होती. इस्त्रीची, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी. टेरिकॉट झिजत नाही, माणूस झिजतो. कापड मी ओळखलं.

मास्तरांनी पँट उलटी केली. मागच्या शिवणीला आत चांगली दोन-दोन बोटं माया होती.

"येवडी मी कुनाला सोडत न्हाई," मास्तर म्हणाले. "पर आण्णा म्हनले, सोडा. पोरगं बँकेत बसून काम करनार. माज्याच अंगानं जानार. आज नको म्हनतंय, पुडं कवातरी लागंल."

मी दुकानाबाहेरच्या रस्त्याकडं बघत राहिलो. समोरच्या शेडमध्ये माग चालू होते. त्या खटखटाटात मास्तरांना काही ऐकू गेलं नसावं, ते एक बरं झालं.

दीड इंच माया बाहेर काढली. नवी टीप मारली. पडद्याआड जाऊन पँट चढवली, पोटाच्या वर बांधली. खाली कापायला लागली नाही. गुडघा गुडघ्यावर आला. खाली वाकून पाहिलं, आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत शेजारच्या बाई म्हणाल्या, "आज काहीतरी वेगळे दिसताय." आणि रांगेतल्या एका पेन्शनर आजोबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही सूतगिरणीतल्या हिशेबनिसांचे कोण?"

म्हटलं, "मुलगा."

त्या दिवशी पैसे देऊन निघालो तेव्हा मास्तरांनी हाक मारून थांबवलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. होती तेवडी माया आण्णांनी दिली. आता आत शिल्लक न्हाई. हितनं फुडं वाढाल ते सोताच्या जबाबदारीवर."

तेव्हापासून रात्रीचा भात बंद केला आहे.