धुरावाचून अग्नी

न्यायशास्त्राच्या पहिल्याच पाठात विद्यार्थ्यास जे अनुमान शिकवितात, ते धुराचे आहे. डोंगरावर धूर दिसला, की तेथे अग्नी असलाच पाहिजे. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे उलट म्हणता येत नाही. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तील हा भेद मी कित्येक वर्षे मुलांस फळ्यावर समजावून दिला. तोच भेद घरच्या न्हाणीघरात मात्र मला उमगला नाही. ही हकीकत सांगण्यास संकोच वाटतो. तथापि ज्या घरांत पाच-सात माणसे एकाच न्हाणीघरात लागोपाठ स्नान करतात, त्यांस ती उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

आमच्या लहानपणी घरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत गोवऱ्या, ढलप्या, कोळसे घालून तो पेटवावयाचा, म्हणजे सारे मागील दार धुराने भरून जाई. डोळे चुरचुरत, आई खोकत खोकत दार सताड उघडी आणि आम्ही मुले अंगणात पळत असू. त्या धुराचा आम्हांस मोठा जाच वाटे. तोच आमचा पहारेकरी होता, हे ध्यानात यावयास साठी उलटावी लागली.

आता आम्ही गोरेगाव पूर्वेस, आरेच्या बाजूस राहतो. नव्वदीच्या घरात आलेली आई, आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि नातू असे सहा जण. न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गिझर आहे. नळ सोडताच तो आपोआप पेटतो आणि वाहते पाणी जाता जाता तापवितो. एके काळी गोरेगावात पाणी मिळणे हाच मुळी प्रश्न होता, आणि त्यासाठी बायकांचे मोर्चे काढणाऱ्या मृणालताई गोरे (१९२८–२०१२) यांस लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. आज नळास पाणी येते. कमी पडले म्हणजे आमच्या इमारतीच्या टाकीत कूपनलिकेचे जड पाणी मिसळतात. तलावाचे पाणी मृदू असते. हे जड पाणी मात्र तापले की नळ्यांतून क्षारांचा थर धरते.

गेल्या हिवाळ्यात गिझरचे पाणी कोमट येऊ लागले. ज्योत तर दिसत होती. मग उष्णता जाते कोठे? मी अनुमान बांधले, की खिडकीतून येणारा आरेकडील गार वारा ती पळवीत असावा. सबब खिडकीच्या काचपट्ट्यांवर मी पुठ्ठा लावला आणि चिकटपट्टीने फटी बुजविल्या. दोन दिवस बरे वाटले. पुन्हा पाणी कोमट. मग गॅसची कळ शेवटपर्यंत फिरविली. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा सर्वांस सांगितले, की नळ बारीक सोडा, म्हणजे पाणी अधिक तापेल. ते तापलेही, परंतु बादली भरावयास वेळ लागू लागला आणि प्रत्येकाचे स्नान लांबले.

आमच्या घरी स्नानाचा क्रम परंपरेने ठरलेला. प्रथम आई, मग मी, मग आमची मंडळी, चिरंजीव, नातू. आणि सर्वांचे डबे भरून झाल्यावर, ऑफिसची गाडी गाठण्यापूर्वी, सर्वांत शेवटी सूनबाई. तिला सकाळी डोके दुखू लागले, मळमळू लागले. कोणी म्हणाले पित्त, कोणी म्हणाले जागरण. एके दिवशी ती मला म्हणाली, “बाबा, रविवारी नाही दुखत. रविवारी मी दुपारी सावकाश न्हाते ना.” मी हसून म्हटले, “रविवारी ऑफिस नसते, म्हणून दुखत नसेल!” अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तिने माझ्या हाती आणून दिले होते. मी ते थट्टेवारी नेले.

त्यानंतरच्या आठवड्यात ती न्हाणीघराचे दार उघडून बाहेर आली आणि उंबऱ्यातच कोसळली. चिरंजीवाने उचलून तिला गॅलरीत मोकळ्या हवेवर निजविले. काही वेळाने ती बोलू लागली, तरी आम्ही तिला तसेच दवाखान्यात नेले. तेथे प्राणवायू देण्यात आला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “गिझर गॅसचा आहे का?”

दुपारी कारागीर आला. न्हाणीघरात पाऊल टाकताच तो थबकला. “काका, ही खिडकी कुणी बंद केली?” मी म्हटले, “मी.” तो काही बोलला नाही. त्याने आधी पुठ्ठा ओढून काढला, मग गिझरचे झाकण उतरविले. आतील नळीत क्षार बसले होते. पाणी प्रथम कोमट झाले ते त्यामुळे. पण तांब्याच्या पातळ पत्र्यांवर काजळीही दाटली होती. ज्योत निळी असावयाची, ती पिवळी झाली होती. ती काजळी माझ्या उपायांची. जळलेला वायू बाहेर नेणारी नळी तर मुळात बसविलेलीच नव्हती.

रात्री मी हिशेब मांडला. मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गिझर म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटविणे होय. पाइपातून येणाऱ्या गॅसच्या प्रत्येक घनमीटरास जळावयास सुमारे १० घनमीटर हवा लागते. त्या मानाने असा गिझर तासास सुमारे १२ घनमीटर हवा खातो. आमचे न्हाणीघर ४ फूट रुंद, ६ फूट लांब, ९ फूट उंच. त्यात हवा सारी ६ घनमीटर. म्हणजे अर्ध्या तासाची बेगमी. आणि त्याच्या पुष्कळ आधीच प्राणवायू घटून ज्वलन अपुरे होऊ लागते. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाही, वास नाही; रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूहून सुमारे २०० पट अधिक घट्ट चिकटतो. मी हवा तोडली, गॅस वाढविला, स्नाने लांबविली. तिन्ही उपाय तर्कशुद्ध दिसत होते आणि तिन्ही एकाच दिशेने जात होते. पाच जणांनी वापरून उरलेल्या हवेत सहावी शिरत होती.

आता गिझर न्हाणीघरातून काढून मोकळ्या गॅलरीत बसविला आहे, त्यास बाहेर जाणारी नळी आहे, आणि गरम पाणी तेवढे आत येते. दरवर्षी दिवाळीपूर्वी तो उघडून साफ करून घ्यावयाचा, असे ठरविले आहे. ज्यांचा गिझर अद्याप न्हाणीघरात असेल, त्यांनी तो असाच बाहेर काढून घ्यावा; तोपर्यंत खिडकी कधीही बुजवू नये, शक्य तर बादली भरून गिझर बंद करावा आणि मग स्नानास जावे. पाणी कोमट येऊ लागले वा ज्योत पिवळी दिसली, तर कळ न पिळता कारागीर बोलवावा. आणि न्हाणीघरात डोके जड झाले, तर लाज न धरता तत्काळ बाहेर यावे.

स्नानाचा क्रमही बदलला. ही सूचना आईचीच. “आधी तिला जाऊ दे, तिला गाडी गाठायची असते,” ती म्हणाली. सूनबाईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परवा तिने सहज म्हटले, “बाबा, स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज बदललाय.” मी हातातील पुस्तक खाली ठेवले आणि उठून नळ पाहिला.