जमाखर्चाची वही

गोष्ट लिहायला मी कथाकारांकडून कमी आणि एका जमाखर्चाच्या वहीकडून अधिक शिकलो, असे म्हटले तर थोरामोठ्यांचा अवमान होईल. पण खरे ते सांगायला दिवाळीचा मुहूर्त काय वाईट?

वडील गेले त्या वर्षी मी त्यांच्यावर कथा लिहिली. डोंबिवलीची चाळ, सकाळची लोकल, त्यांचा अबोल स्वभाव, सारे तीत होते. विशेषणांची तर नुसती रेलचेल! एका संपादकांनी ती साभार परत केली. राग आला, पण पुन्हा वाचली तेव्हा कळले, की कथेत माझे रडणे होते, वडील नव्हते.

पुढे माळा आवरताना त्यांची १९७१ सालची वही सापडली. दूध, रॉकेल, वाणी, मुंबईचा पास. जूनपासून मात्र पासाची नोंद नाही. त्याऐवजी रोज एकच ओळ : ‘कल्याण, जाऊन-येऊन.’ मध्येच एकदा, ‘वाचनालय, वर्गणी.’ असे तीन महिने.

त्या साली त्यांची कंपनी बंद पडली होती, हे मला फार उशिरा कळले होते. पण त्या दिवसांतही ते डबा घेऊन वेळेवर निघत, हे मला पक्के आठवत होते. मुंबईची गाडी सोडून हा माणूस उलट्या दिशेने जाई आणि १८६४ साली स्थापन झालेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात दिवस काढी!

वहीत ‘का’ कुठेच नव्हते, तरी सारे होते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी दिवाकरांच्या नाट्यछटा वाचल्या होत्या. तिथे एकच माणूस बोलतो; समोरच्याचा शब्दही ऐकू येत नाही, तरी तो दिसतो. हरिभाऊंनी ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी यमूच्या आत्मकथेच्या रूपाने लिहिली. तिथे यमूला दिसते तेवढेच आपल्याला दिसते. वाचताना हे सारे आवडले होते. उमगले ते वही मिटल्यावर. कथा ही उसनवारीवर संसार करणारी गृहिणी. नाट्यछटेकडून ती गाळणे आणते, आत्मकथेकडून मर्यादा आणि जमाखर्चाकडून विशेषणावाचून बोलणे.

मी कथा नव्याने लिहिली. वडिलांच्या मनात काय चालले असेल, ते लिहिलेच नाही. तारखा, तिकीट, डबा आणि डब्यातल्या तीन पोळ्या, एवढेच.

आईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पोळ्या चुकल्या रे तुझ्या. एरवी तीन, त्या तीन महिन्यांत मी चार देत होते. वहीत चहा कुठं मांडलेला दिसायचा?”

आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

कथेत मी पोळ्यांचा आकडा तेवढा दुरुस्त केला.