एक अंश म्हणजे किती मिलिमीटर?

वाराणसीच्या खोजवाँ भागात कश्मीरीगंज नावाची वस्ती आहे. तिथे कातारी फिरत्या लाकडाला पटाशी लावतो, भुसा उडतो, आणि ओबडधोबड तुकड्यातून कुंकवाच्या करंड्याची कंबर उमटते. मग त्याच फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवली जाते. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि लाकडाभोवती पसरते. भट्टी लागत नाही, कुंचला लागत नाही. मराठी वाचकाला इथे सावंतवाडीच्या चितारआळीची आठवण यावी, पण काशीच्या खेळण्यांचा खरा प्राण रंगकामापेक्षा या कातकामात आहे.

२७ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतीय खेळणी मेळ्याच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी चन्नपट्टण, जयपूर आणि वाराणसी येथील कारागिरांशी दूरस्थ संवाद साधला, आणि ही खेळणी राष्ट्रीय बातम्यांत आली. बोलणे झाले ते बाजारपेठेचे आणि परंपरेचे. त्या कारागिराच्या मनगटात वर्तुळाचे एक समीकरण सतत वावरत असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. समीकरण शाळेतले आहे: चापाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन. लाकूड एकाच गतीने फिरत असले तरी करंड्याच्या जाड पोटावर पटाशीखालून जास्त लाकूड सरकते आणि बारीक मानेवर कमी. कारागीर त्याप्रमाणे हात हलका-जड करतो.

आता हेच काम यंत्राला सांगायचे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि घराघरांतल्या हौशी कार्यशाळांत छोटी सीएनसी यंत्रे दिसू लागली आहेत. एक्स, वाय आणि झेड हे तीन अक्ष सरळ रेषेत सरकतात. गोल वस्तूवर कोरीवकाम करायचे तर चौथा, फिरता अक्ष जोडावा लागतो. कातयंत्रावर लाकूड अखंड गरगरते. इथे ते मोजून फिरते, सांगितलेल्या अंशावर थांबते, आणि वेगाने फिरणारे छोटे पाते त्याला कोरते. हत्तीच्या सोंडेची वळणे किंवा खांबावरची वेल कोरायला हाच अक्ष लागतो.

बहुतेक हौशी यंत्रांच्या मुळाशी ग्रबल हे मुक्त सॉफ्टवेअर असते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते २००९ साली लिहिले. अर्डुइनो उनोच्या ३२ किलोबाइट स्मृतीत ते सारे यंत्र चालवते, हे खरोखर कौतुकास्पद आहे. पण मूळ ग्रबलला तीनच अक्ष ठाऊक आहेत. म्हणून विद्यार्थी एक युक्ती करतात: वाय अक्षाची जोडणी काढून ती फिरत्या अक्षाच्या मोटरीला देतात, आणि ‘एका मिलिमीटरला किती पावले’ या रकान्यात ‘एका अंशाला किती पावले’ हा आकडा भरतात. यंत्र फिरू लागते, टाळ्या पडतात. खरी गंमत यानंतर सुरू होते.

पात्याचा सरकवेग एफ या अक्षराने दिला जातो: एफ ६०० म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर. समजा लाकडाची त्रिज्या १५ मिलिमीटर आहे, आणि एकाच आज्ञेत एक्स अक्षाने १० मिलिमीटर सरकायचे आहे व लाकडाने ९० अंश वळायचे आहे. नियंत्रक पायथागोरसचे प्रमेय लावतो. दहाचा वर्ग अधिक नव्वदचा वर्ग, त्याचे वर्गमूळ ९०.५५, म्हणजे काम साधारण ९ सेकंदांचे. पण नव्वदातले ते मिलिमीटर नव्हेत, अंश आहेत! अकरावीच्या पहिल्या प्रकरणात मितीय विश्लेषण शिकवताना ज्या बेरजेवर लाल रेघ मारली जाते, तीच बेरीज इथे सेकंदाला शेकडो वेळा बिनतक्रार होत असते. खरा चाप २३.५६ मिलिमीटरचा आहे, खरा मार्ग २५.६ मिलिमीटरचा, आणि त्याला अडीच सेकंद पुरेसे होते. पाते मागितलेल्या वेगाच्या जेमतेम २८ टक्क्यांनी सरकते. दोन धारांचे पाते मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक धारेने ०.०३ मिलिमीटर लाकूड कापणे अपेक्षित होते. तिच्या वाट्याला येते ०.००८५. इतक्या पातळ थरात धार कापत नाही, घासते. लाकूड काळवंडते, पाते तापते, आणि विद्यार्थी बिचारा पात्याच्या दर्जाला दोष देतो.

एक अंश आणि एक मिलिमीटर खरोखर समान होतात ते फक्त एका त्रिज्येवर, ५७.३ मिलिमीटरवर. तेवढ्या जाड ओंडक्यावर हे यंत्र अगदी बिनचूक वागेल. खेळण्यातला हत्ती इतका लठ्ठ क्वचितच असतो.

मोठ्या नियंत्रकांनी यावर वेगळा नियम केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २००० मध्ये जी-कोडच्या अर्थनिर्णयाचा जो दस्तऐवज काढला, त्यानुसार सरळ अक्ष हलत असतील तर वेग फक्त त्यांच्या मार्गावर मोजायचा. फिरत्या अक्षाने त्याच वेळात आपले काम उरकायचे. नियम सुसंगत आहे, पण त्याचा उलटा टोकाचा परिणाम पाहावा. एक्स फक्त ०.१ मिलिमीटर सरकतो आहे आणि लाकडाला पूर्ण फेरी घ्यायची आहे, वेग तोच ६००. मिळालेला वेळ सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे लाकडाने मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीने फिरावे, अशी मागणी! अक्षाची कमाल मर्यादा नीट भरलेली असेल तर नियंत्रक तिथे थांबतो. नसेल तर स्टेपर मोटर किंचाळते, पावले गमावते, आणि पुढचे सारे कोरीवकाम तिरके होत जाते.

या घोटाळ्याचे मूळ एकच आहे: अंशाला स्वतःची लांबी नसते, ती त्रिज्येकडून येते. जुन्या भारतीय ज्योतिषगणिताने ही अडचण फार सुंदर सोडवली होती. वर्तुळाचा परीघ २१,६०० कला मानायचा आणि त्रिज्याही त्याच कलांत मोजायची. ती येते ३,४३८. सूर्यसिद्धांतातली ज्यासारणी २२५ पासून सुरू होऊन याच ३,४३८ वर संपते. चाप आणि त्रिज्या एकाच मापात आली की पायथागोरस निर्धास्तपणे लावता येतो. त्या सूर्यसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद १८६१ साली कलकत्त्याहून निघाला, तो बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या बापूदेव शास्त्रींचा. शास्त्रीबुवा मूळचे महाराष्ट्रातले. त्याच शहरात गंगाकाठी मानमंदिरात सवाई जयसिंगाची वेधयंत्रे उभी आहेत. ती दगडाची आणि मोठी बांधण्यामागचा हिशोबही हाच: त्रिज्या वाढवली की एका अंशाचा चाप डोळ्याला वाचता येईल इतका लांब होतो.

हौशी यंत्रावरचा उपाय जी-९३ या आज्ञेत आहे. तिथे एफ म्हणजे वेग नसून वेळेचा व्यस्तांक: ‘ही हालचाल इतक्या मिनिटांत पूर्ण कर’ एवढेच नियंत्रकाला सांगायचे. वरच्या उदाहरणात २५.६ मिलिमीटरला ०.०४२७ मिनिटे लागावीत, म्हणून एफ २३.४४. त्रिज्येचा हिशोब मार्ग आखणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरने आधीच केलेला असतो. वस्तूचा आकार त्यालाच ठाऊक असतो, नियंत्रकाला नव्हे. ग्रबलला ही आज्ञा समजते. अट एवढीच की प्रत्येक ओळीवर नवा एफ लिहावा लागतो. एक ओळ चुकली, की ग्रबल त्रुटी दाखवून अडते. तो अडेलपणा हिताचा आहे.

दुसरा सापळा अधिक शांत आहे. मोटरीची २०० पावले, प्रत्येकीचे १६ सूक्ष्म भाग आणि पट्ट्याचे प्रमाण ६ ला १, असे धरले तर एका फेरीला १९,२०० पावले होतात, म्हणजे अंशाला ५३.३३३… हा अपूर्णांक संपत नाही. रकान्यात ५३.३३३ लिहिले, तर फेरीमागे ०.१२ पाऊल कमी पडते. ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण लांब दांडा सर्पिल मार्गाने कोरताना सहज शंभर फेऱ्या होतात. तेव्हा चूक १२ पावलांची, म्हणजे ०.२२५ अंशाची झालेली असते. त्याऐवजी ९ ला १ चे प्रमाण घेतले, तर अंशाला नेमकी ८० पावले येतात आणि प्रश्नच मिटतो. पट्टा ढिला असल्यास मात्र हे सारे गणित फुकट.

अखंड फिरणाऱ्या सीएनसी कातयंत्रासाठी जी-९६ आहे. तिथे त्रिज्या घटेल तशी फिरण्याची गती वाढवून पृष्ठभागाचा वेग स्थिर ठेवला जातो. लाखेच्या कांडीलाही हेच हवे असते, कारण घर्षणाची उष्णता दाब आणि पृष्ठवेग यांच्या गुणाकाराने ठरते. केंद्राजवळ त्रिज्या शून्याकडे जाते आणि मागितलेली गती अनंताकडे, म्हणून तिथेही कमाल मर्यादा घालावी लागते. कारागीर गती बदलत नाही. मानेवर तो कांडी जरा जोराने दाबतो किंवा जरा जास्त वेळ धरतो.

काशीत पूर्वी ही खेळणी कोरैयाच्या लाकडात होत. आता युकलिप्टस वापरले जाते. लाकूड बदलले की कापण्याचा योग्य वेगही बदलतो, आणि जी-९३ मध्ये लिहिलेल्या फाइलीत त्यासाठी हजारो ओळींवरचे एफ नव्याने काढावे लागतात. ग्रबलच्या १.१ आवृत्तीत एक सोय आहे: काम चालू असतानाच सारे वेग १० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान कमी-जास्त करता येतात. सरावलेला विद्यार्थी पडद्याकडे पाहत नाही. तो पात्याचा आवाज ऐकतो, आणि आवाज भरभरीत झाला की बटण दाबून वेग १० टक्क्यांनी उतरवतो.