पंगुनाच्या मालकिणी

कावेरोंग नदीतले दगड निळेहिरवे आहेत. मोरचुदाचा खडा पाण्यात विरघळताना दिसतो तोच रंग, आणि कारणही तेच: तांबं. मासे केव्हाच गेले, काठावर गवतसुद्धा जीव मुठीत धरून उगवतं. आणि तरी पाणी इतकं देखणं, की बघणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यांचा राग यावा.

हे बोगनव्हिल बेट. आपल्या कुंपणावरच्या बोगनवेलीला ज्या फ्रेंच दर्यावर्द्याचं नाव, त्याचंच या बेटालाही. पापुआ न्यू गिनीच्या नकाशात ते अगदी पूर्वेला, सॉलोमन बेटांना खेटून आहे. पोर्ट मोर्सबीहून विमानाने बुका, तिथून छोट्या बोटीने खाडी ओलांडायची, मग लँडक्रूझरच्या मागच्या फळीवर चारेक तास हाडं खिळखिळी करत अरावा. वाटेत प्रत्येकाच्या तोंडात सुपारी. पानाऐवजी मिरवेलीची कोवळी शेंग चुन्यात बुडवून चावतात. पिंक टाकायची पद्धत मात्र आपल्या एसटी स्टँडइतकीच सढळ. अरावाहून वर डोंगरात पंगुना. वाटेवर मॉर्गन जंक्शनला इथल्या यादवीच्या काळापासूनचं नाकं आहे; बाहेरच्या माणसाने तिथे थांबायचं, परवानगी मागायची, पैसे मोजायचे. मला ते मुळीच खटकलं नाही. इथे विचारल्याशिवाय आलेल्या पाहुण्यांनी काय केलं ते वर गेल्यावर दिसतंच.

वर एक डोंगर होता, आता तिथे खड्डा आहे. एवढा, की पलीकडच्या कड्यावरचा माणूस मुंगीएवढाही दिसत नाही. १९७२ ते १९८९ ही इथली खाण जगातल्या मोठ्या तांब्याच्या खाणींत गणली जाई. चालवत होती बोगनव्हिल कॉपर ही कंपनी, तिच्या मागे रिओ टिंटो समूह. तांबं-सोनं काढून उरलेला एक अब्ज टनाहून अधिक कचरा थेट कावेरोंग आणि जाबा नद्यांत सोडला गेला. तो आजही पावसागणिक खाली सरकतो आहे. नदीचं पात्र भरून वर आलं, शेतं बुडाली. माणसं अजून छातीइतक्या पाण्यातून, पोरं खांद्यावर घेऊन, नदी ओलांडतात.

पण मला चक्रावून टाकलं ते खड्ड्याने नाही, मालकीहक्काने. बेटाच्या बहुतेक भागात कूळ आईचं आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. सभेत उठून बोलतो तो मामा किंवा भाऊ. पण तो बोलतो बहिणीच्या वतीने. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवण्यासाठी शरद जोशींना चळवळ उभारावी लागली त्या मुलखातून आलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकून आधी हेवा वाटला. मग कळलं, की कागद आला आणि चित्र उलटं झालं. भाड्याच्या आणि भरपाईच्या याद्यांत नावं लागली ती बहुतेक पुरुषांची. कंपनीचे साहेब जो उठून बोलला त्यालाच मालक समजले. आणि खरं सांगायचं तर, पैसा हातात येताच त्या बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो गैरसमज दूर करायची घाई केली नाही.

बायका गप्प बसल्या नव्हत्या. १९६९ च्या ऑगस्टमध्ये बंदरासाठी रोरोवाना गावची जमीन घ्यायला तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्रशासनाची माणसं आली, तेव्हा बायकांनी मोजणीचे खुंट उपटले. समोर दंगलविरोधी पोलिस, लाठ्या, अश्रुधूर. त्या झटापटीची छायाचित्रं ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत झळकली आणि तिथे गदारोळ उठला. खाण थांबली नाही, पण कंपनीला गावाशी थेट बोलणी करावी लागली. पुढे जुन्या जमीनमालक संघटनेला कंटाळलेल्या तरुण पिढीने १९८७ मध्ये नवी संघटना काढली. तिची अध्यक्ष होती पर्पेतुआ सेरेरो. सचिव फ्रान्सिस ओना. इतिहासात ओनाचंच नाव गाजलं, कारण सुरुंग लावून विजेचे मनोरे पाडल्यावर जंगलात शिरलेल्या बंडखोरांचा पुढारी तो. सेरेरो १९८९ मध्येच वारली. त्याच वर्षी खाण बंद पडली आणि यादवी पेटली.

त्या दहा वर्षांबद्दल लोक फार बोलत नाहीत. मृतांचा आकडा पंधरा-वीस हजारांपर्यंत सांगतात. बेटाची वस्तीच तेव्हा दोन लाखांच्या आत. पापुआ न्यू गिनीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, औषधं थांबली. गाड्या नारळाच्या तेलावर चालवल्या, हे मात्र सगळे आवर्जून आणि हसत सांगतात. शांतता बोलणी सुरू करणाऱ्यांत चर्चच्या महिला मंडळांचा वाटा मोठा होता. सिस्टर लोरेन गरासूसारख्या जोगिणी होत्या, आणि जंगलात लपलेल्या मुलांना घरी बोलवायला चालत गेलेल्या आया होत्या.

आताच्या लढ्याचं नाव थिओनिला रोका मटबोब. खाणीच्या खालच्या अंगाला असलेल्या माकोसी गावची. ती लहान असताना युद्धात वडील मारले गेले. शिक्षिका झाली आणि २०२० मध्ये बोगनव्हिलच्या प्रतिनिधिगृहात निवडून आली. रिओ टिंटोने २०१६ मध्ये आपले शेअर पापुआ न्यू गिनी आणि बोगनव्हिल इथल्या सरकारांच्या हवाली करून हात झटकले होते. थिओनिला आणि तिच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून लोकांचं म्हणणं टिपलं: कोणत्या घराचं पाणी गेलं, कोणतं पूजास्थान गाळाखाली गेलं. ऑस्ट्रेलियातल्या ह्यूमन राइट्स लॉ सेंटरने १५६ रहिवाशांच्या वतीने तक्रार दाखल केली. गंमत अशी, की दाद मागितली ती न्यायालयात नव्हे, तर ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नियमांखालच्या एका सरकारी कचेरीत, जिला दंड करायचा अधिकारच नाही. तरी कंपनी बोलणीला बसली. २०२१ मध्ये तिने तपासणीचा खर्च उचलायचं कबूल केलं आणि २०२४ च्या शेवटी आलेले निष्कर्षही स्वीकारले: दूषित पाणी, पूर, मोडकळीला आलेले बांध.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की इथल्या सगळ्या बायका खाणीच्या विरोधात आहेत. तसं नाही. खड्ड्याच्या तळाशी फावडी घेऊन सोनं धुणाऱ्यांत बायका भरपूर. सोनं सुटं करायला पारा वापरतात, आणि तो उघड्या विस्तवावर उडवतात. धूर कुठे जातो हे मी विचारलं तर एकीने शाळेची फी किती ते सांगितलं. त्यात २०१९ च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के लोकांनी पापुआ न्यू गिनीपासून स्वातंत्र्याला कौल दिलेला. नव्या देशाला पैसा लागणार, आणि बोगनव्हिलच्या सरकारचा डोळा पुन्हा याच तांब्यावर आहे.

अरावात ज्या घरी उतरलो तिथली मालकीण खाणीचं नाव काढू देत नाही. तिची धाकटी बहीण वर सोनं धुते, आणि भाऊ म्हणतो खाण उघडावी, पण नीट करार करून. रताळी आणि डबाबंद मासळी पुढ्यात असताना मी भरपाईचा विषय काढला. भाऊ म्हणाला, याद्या पुन्हा होतील तेव्हा बैठकीला तो जाईल. तिने खुशाल जायला सांगितलं. यादी मात्र आधी तिला वाचून दाखवायची. यावर धाकटीने काहीतरी म्हटलं, मग तिघंही नासिओई या त्यांच्या भाषेत भांडू लागली, आणि मला तिथून पुढचं काही कळलं नाही.