पहिलं पान विकत मिळत नाही

जुळे सोलापुरात बसून वेबसाइटचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याला वर्षभर एकच प्रश्न ऐकावा लागतो : "वेबसाइट तर केली, पैसेही भरले, मग गुगलवर का येत नाही?" विचारणारे आसरा चौकातले डॉक्टर असतात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले असतात, शाळांचे गणवेश शिवणारे असतात, कडक भाकरी आणि शेंगा चटणी डब्यात भरून पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्या ताई असतात. डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं की गुगलच्या दप्तरी आपली नोंद झालीच, ही समजूत इतकी पक्की आहे की ती मोडायलाच पहिली बैठक जाते.

आधी हे समजून घेऊ की गुगलला आपण कळतो कसे. त्याचा क्रॉलर, म्हणजे गुगलबॉट, एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो. ज्या पानाकडे जगातलं एकही पान बोट दाखवत नाही, ते त्याच्या वाटेतच येत नाही. पूर्वी गुगलकडे कोणालाही पत्ता टाकता येईल अशी उघडी खिडकी होती. ती २०१८ मध्ये बंद झाली. आता गुगलच्याच 'सर्च कन्सोल' या सेवेत आपली मालकी सिद्ध करायची आणि साइटमॅप द्यायचा. साइटमॅपच्या एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते मावतात, आपल्या गावच्या धंद्याला बारा-पंधरा पुरतात. पण साइटमॅप ही नुसती यादी आहे. यादी दिली म्हणजे पान घेतलंच पाहिजे, असं बंधन गुगलवर नाही.

सर्च कन्सोलमधले दोन शेरे प्रत्येक वेबसाइटमालकाने ओळखायला शिकावेत. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळलाय, अजून येणं झालेलं नाही. इथे थोडं थांबायचं. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे येऊन, वाचून गेला, आणि ठेवून घेतलं नाही. हा दुसरा शेरा मी फार गांभीर्याने घेतो. पानात बहुतेकदा तांत्रिक दोष नसतो. त्यात सांगण्यासारखंच काही नसतं. सोलापुरातल्या चादर विक्रेत्यांच्या वेबसाइटी एकामागोमाग एक उघडून पाहा. उत्तम दर्जा, रास्त भाव, ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय. नाव झाकलं तर कोणती कोणाची, हे मालकालाही ओळखता येणार नाही. गुगलने त्यातली एखादी ठेवावी आणि बाकीच्या सोडाव्यात, यात अन्याय कुठे आहे?

काही वेळा मात्र दार आपणच आतून लावलेलं असतं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे. त्यात खाली एक छोटा चौकोन : सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. साइट बनत असताना डेव्हलपर तिथे टिक करतो, कारण अर्धवट काम लोकांना दिसू नये, आणि ते बरोबरच आहे. काम संपल्यावर टिक काढायची राहून जाते. मालक सहा-सहा महिने नशिबाला बोल लावतो आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'नोइंडेक्स' लिहिलेलं असतं. त्यावर कोणी आणखी शहाणपणा करून रोबोट्स फाइलमध्येही बंदी घालतो. मग गुगलबॉट पान उघडतच नाही आणि आतली 'नोइंडेक्स'ची सूचना त्याला वाचताही येत नाही. अशा वेळी बाहेरून कोणी लिंक दिली असेल, तर वर्णनाविना नुसता पत्ता निकालात लटकत राहतो. नवी साइट माझ्याकडे आली की मी डिझाइनकडे नंतर बघतो, आधी हा चौकोन बघतो.

दुसरं दुखणं खास आपलं, मराठीचं आहे. आपल्याकडे मजकूर छापखान्यातून येतो. कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीत सुंदर जुळवलेला असतो आणि तोच जेपीजी करून वेबसाइटवर चिकटवला जातो. माणसाला तो वाचता येतो. सर्च इंजिनासाठी ते मुख्यतः चित्र असतं, त्यातल्या अक्षरांवर भिस्त ठेवता येत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलून पानावर टाकला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो. एके काळी आपली मोठमोठी वर्तमानपत्रंसुद्धा आपापल्या फॉन्टमध्ये इंटरनेटवर निघत होती. त्या काळातलं कितीतरी मराठी लेखन त्यामुळे शोधात कधी आलंच नाही, याची मला आजही हळहळ वाटते. युनिकोडमध्ये टाइप केलेली साधी पाच वाक्यं त्या देखण्या पोस्टरपेक्षा जास्त कामाची असतात.

त्यात शुद्धलेखनाची गंमत वेगळीच. आपलं गाव लोक सोलापूर असंही शोधतात, सोलापुर असंही; चादर म्हणतात, चद्दर म्हणतात; रोमन लिपीत तर इंग्रजांच्या काळातलं शोलापूरही अजून जिवंत आहे. गुगल यातलं पुष्कळसं सांभाळून घेतं. म्हणून सगळी रूपं एका ओळीत कोंबायची गरज नाही, आणि ती लपवलेल्या कीवर्ड टॅगमध्ये भरण्यात तर काहीच अर्थ नाही. क्रम ठरवताना आपण तो टॅग वापरत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी कीवर्ड भरून देण्याचे वेगळे पैसे आजही घेतले जातात.

आता क्रमाकडे येऊ. पान नोंदवलं गेलं म्हणजे वर आलं असं नाही. गुगलच्या आधीची अल्टाव्हिस्टासारखी इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना पेजरँकची कल्पना मांडली आणि १९९८ मध्ये कंपनी काढली. त्या कल्पनेचं मर्म एवढंच : या पानाकडे कोण बोट दाखवतंय, आणि त्या बोट दाखवणाऱ्याकडे कोण? स्थळ बघताना मुलाकडचे स्वतःबद्दल काय सांगतात यावर आपण निर्णय घेत नाही, चार बाहेरच्यांकडे चौकशी करतो, तसंच हे. आज गुगल इतर कितीतरी गोष्टी विचारात घेतं, पण ही चौकशी संपलेली नाही. नव्या साइटबद्दल सांगणारं कोणी नसतं, म्हणून ती मागे राहते.

इथेच बाजार सुरू होतो. हजार लिंक अमुक रुपयांत! अशा विकतच्या साक्षींविरुद्ध गुगलने २०१२ मध्ये 'पेंग्विन' हा बदल आणला आणि तेव्हापासून हा धंदा जास्तच धोक्याचा झाला. खऱ्या लिंक आपल्या आजूबाजूलाच असतात, आपण त्या मागत नाही. यंत्रमागधारकांच्या संघटनेची सभासद यादी, ज्यांचं सूत घेतो त्या गिरणीचं वितरकांचं पान, ज्या कॉलेजच्या मुलांना कारखाना दाखवला त्याचा वृत्तान्त, गावातल्या वर्तमानपत्रातली बातमी. अशा चार लिंक मला त्या हजारांपेक्षा मोलाच्या वाटतात.

पंधरा दिवसांत पहिल्या पानाची हमी देणारे फोन सगळ्यांनाच येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि क्रम वर नेण्यासाठी आपण पैसे घेत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलंय. हमीवाले दाखवतात काय? तुमच्याच दुकानाचं पूर्ण नाव टाकून आलेला निकाल. त्या नावाचं दुसरं दुकान नसेल तर तो येणारच. किंवा मग जाहिरात, जी पैसे थांबले की थांबते. तज्ज्ञ नेमल्यावर फळ दिसायला चार महिने ते एक वर्ष धरून चाला, असा सल्ला गुगलनेच २०१७ मध्ये दिला होता. मी पहिल्या भेटीत हाच आकडा सांगतो. काही जण तिथूनच उठून जातात, जाऊ देत.

डॉक्टर, वकील, क्लासवाले यांना मी वेबसाइटच्या आधी गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट करायला सांगतो. नकाशातला क्रम ठरतो तो शोधाशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी यांवर. सैफुलजवळ राहणारा रात्री मुलासाठी डॉक्टर शोधतो तेव्हा त्याला वेळ, फोन आणि रस्ता हवा असतो.

वस्तू विकणाऱ्याचं मात्र तसं नाही, त्याने लिहिलंच पाहिजे. एका टॉवेल कारखानदाराला मी विचारलं, गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं? तो बोलत गेला, मी टाइप करत गेलो. नवा टॉवेल पाणी का टिपत नाही : शेवटच्या प्रक्रियेत मऊपणासाठी लावलेलं द्रव्य दोन-तीन धुण्यांत जातं, मग टॉवेल पाणी ओढू लागतो. कपडे मऊ करणारं औषध धुताना घातलं तर टिपणं पुन्हा कमी होतं. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. जड टॉवेल जास्त पाणी पितो, पण पावसाळ्यात वाळत नाही. एखादा फासा ओढला गेला तर ओढू नका, कात्रीने कापा, बाजूची वीण उसवत नाही. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं आणि वेबसाइटवर त्यातलं एक अक्षर नव्हतं. ते पान झालं आणि शोधातून माणसं आली ती त्याच पानावर, 'आमच्याविषयी'वर नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. ते का, विणीत वेगळं काय, अस्सल कशी ओळखायची, हे इथल्या विणकराने मराठीत लिहिलं तर त्याच्याशी स्पर्धा करणारं पान सापडणं कठीण. २०२४ पासून भारतातही गुगल काही प्रश्नांची उत्तरं यंत्राकडून लिहवून वरच दाखवू लागलंय. ते उत्तरही कोणाच्या तरी पानावरूनच उचललेलं असतं. मग ते आपल्या पानावरून का नसावं?

आणि एक, दरवर्षी येणाऱ्या विषयांवरच्या पानांबद्दल. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. दर डिसेंबरात कोणी ना कोणी तिच्यावर नवं पान करतं, पत्त्यातच साल घालतं, आणि फेब्रुवारीत ते सोडून देतं. वर्षभरात त्याला मिळालेल्या लिंक, ओळख, सगळं त्या जुन्या सालाबरोबर पडून राहतं आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा शून्यापासून सुरुवात. पत्ता एकच ठेवा, साल न घालता. नंदीध्वजांचा मार्ग, ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम ही माहिती त्यावर कायम राहू द्या, आणि वेळापत्रक तेवढं दरवर्षी बदला. ते काम दिवाळीची सुट्टी संपल्याबरोबर करायला हवं, कारण गुगलबॉटला यायला आणि पान पुन्हा वाचायला काही दिवस ते काही आठवडे लागतात.