कुणाच्या अंगाला कुणाचा हात

म्हसवड,
मार्गशीर्ष

चि. दत्ता यास,


तुझं पत्र पोचलं. सिद्धनाथाचा रथ यंदाही थाटात निघाला, गुलालानं अजून ओटा लाल आहे. पीकपाण्याचं, आबांच्या तब्येतीचं सुनील फोनवर सांगेलच. मी लिहायला बसले ते तुझ्या कमरेसाठी आणि सुमनच्या बाळंतपणासाठी. तू विचारलंस, तिथं केरळात दुकानाच्या गल्लीत आयुर्वेदिक मालिशवाले आहेत, मॉलमध्ये थायी मालिश आहे, आणि शेठ म्हणतात कळरीच्या गुरुक्कलकडं जा. यातलं चांगलं कुठलं? पाटीवरचं नाव वाचून हे ठरवता येत नाही, दत्ता. आधी दुखणं कशाचं आहे ते बघायचं, मग त्याला कुठला हात मानवेल ते ठरवायचं. सारी नोकरी दवाखान्यात काढून माझं मत असं पक्कं झालंय.

तुझं दुखणं मला इथं बसून दिसतं. आटपाडी, विटा, खानापूरकडची आपली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. सोनं आटवायचं, मूस उचलायची, भट्टीपुढं मांडी घालून तासन् तास वाकून बसायचं. सुट्टीवर गावी आलेला गलाईवाला एस.टी.तून उतरला की आधी कमरेवर हात ठेवतो. अशा बैठकीनं कमरेचे स्नायू आखडतात, आणि आखडलेल्या स्नायूला मालिशनं बरं वाटतं यात शंका नाही. पण ते बरं वाटणं किती दिवस टिकतं? कंबरदुखीवरच्या मालिशच्या जगभरातल्या चाचण्या 2015 साली एकत्र तपासल्या गेल्या. निष्कर्ष असा निघाला की थोड्या काळापुरता आराम पडतो, लांबचा फायदा दिसत नाही, आणि मुळात पुरावाच कच्चा आहे. म्हणून मालिश कर, पण तिच्याच भरवशावर राहू नकोस. भट्टी उंच ओट्यावर घेता आली तर शेठना सांगून घ्या, दर तासाला उठून चार पावलं टाक. कंबर खरी सुधारते ती त्यानं.

एवढं मात्र आधी तपास. कळ कमरेतून खाली पायात उतरते का? पायाला मुंग्या येतात का, पाऊल ओढल्यासारखं वाटतं का? रात्री झोपेतही दुखतं का, बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का? यातलं एक जरी असलं तरी मालिशवाल्याच्या पायरीवर चढू नकोस, डॉक्टरला दाखव. लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. आणखी एक, एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ती कुणालाही चोळू द्यायची नाही. आत रक्ताची गुठळी असली तर चोळण्यानं ती सुटून फुफ्फुसात जाते. मालिशनं माणूस दगावतो तो असा, आणि हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता हातांविषयी. आपल्या मुलखात मालिश म्हटलं की तालीम आठवते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणलं, ते याच सातारा जिल्ह्याच्या मातीतले. तालमीतली मालिश तू लहानपणी पाहिलीस. मेहनत संपली, घाम जिरला की पैलवान पालथा पडायचा आणि एखादा पठ्ठा वाटीत कोमट तेल घेऊन बसायचा. आधी तळव्यानं लांब लांब हात फिरवून अंग गरम करायचा, मग पोटरीचा गोळा चिमटीत धरून सोडायचा, मांडीवर कोपर टेकवून भार द्यायचा, आणि शेवटी भिंतीला धरून पायानं पाठ तुडवायचा. कणा मात्र सोडून, दोन्ही बाजूंच्या मांसावरून. वस्ताद जवळ उभे असायचे, त्यांचं सारं लक्ष तिथं. तसा हात रोज जोर-बैठका मारणाऱ्या, विशीतल्या, दूध-तूप पचवणाऱ्या अंगासाठी आहे. दिवसभर बसून काम करणारा चाळिशीचा माणूस त्या हाताखाली गेला तर आठवडाभर उठायचा नाही. यात्रेतल्या कुस्त्या बघून तालमीत मालिश करून घ्यायची हौस येते खरी, पण हौसेला शरीराची परवानगी लागते.

कळरी म्हणजे केरळातला युद्धकलेचा आखाडा, गुरुक्कल तिथला वस्ताद; तिथली मालिश तालमीचीच बहीण समज. तिथंही छताला दोर बांधून, तो धरून, गुरुक्कल पायानं चोळतात. लढवय्याचं अंग लवचीक ठेवायला ती निघाली. मर्मस्थानांचं त्यांचं ज्ञान पिढ्यान् पिढ्यांचं आहे आणि चांगला गुरुक्कल आधी माणूस तपासतो, मगच पाय लावतो. तू आधी त्याच्याशी बोल. तुझं दुखणं ऐकून न घेता जो लगेच चटईवर झोप म्हणेल, त्याला नमस्कार करून परत ये.

तुला मी आयुर्वेदाकडं जायला सांगेन, पण पाटी लावलेल्या दुकानात नको. वैद्याची पदवी असलेला माणूस जिथं आधी नाडी-जीभ बघेल, पोटाचं विचारेल, असं ठिकाण शोध. तू केरळात आहेस, तिथं ते अवघड नाही. कोट्टक्कलची आर्य वैद्य शाळा 1902 पासून चालू आहे, आणि कर्कटकम् महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, सारं केरळ तेल-उपचार घेतं. अष्टांगहृदयात वाग्भटानं अभ्यंग रोज करावा, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावावं असं सांगितलंय. त्याच दमात तो अजीर्णात, कफाच्या विकारात आणि पंचकर्मानं शुद्धी झाल्यावर लगेच अभ्यंग करू नये हेही सांगतो. मालिशची पत्रकं छापणारे पहिली गोष्ट छापतात, दुसरी गाळतात. रोजच्या अभ्यंगात जोर नसतो. कोमट तीळतेल, केसांच्या दिशेनं लांब हात, सांध्यांवर गोल हात, मग थोडा वेळ थांबून ऊन पाण्यानं अंघोळ. हे तू घरी स्वतः करू शकतोस, कमरेला कुणाकडून तरी लावून घे. ॲसिडनं हात भाजलेत म्हणालास, त्या जागी तेल नको, चोळणं तर मुळीच नको.

थायी मालिशचा राग नाही मला. बँकॉकच्या वात फो देवळात ती शिकवतात, 2019 साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही आली. कपडे घालून, तेलाशिवाय, अंग ताणून देणारी ती पद्धत आहे. अंग जड झालंय आणि कणा धड आहे, अशाला बरी. तुझी कंबर डॉक्टरनं बघितल्याशिवाय कुणी तुझे पाय ओढून पिळू नयेत. मॉलमधल्या स्वीडिश मालिशचा हात हलका असतो, थकव्याला पुरे.

सलूनमधली चंपी मात्र मला हवीहवीशी वाटते. दिवसाच्या शेवटी डोक्याला चार हात लागले की माणूस हलका होतो. पण चंपी संपताना हनुवटी धरून मान कडकन् मोडतात ना, ती मोडू द्यायची नाही. मानेतून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्यानं फाटून अर्धांगवायू झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. हात जोडून सांगायचं, दादा, मान राहू दे.

आता सुमनचं. तिची आई आटपाडीला मालिशला बाई लावतेय म्हणालास. ती चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही. पाटावर पाय लांब पसरून बसलेली, नडग्यांवर बाळ आडवं घेतलेली ती बाई म्हणजे आपल्या घरांनी जपलेली विद्या आहे. तिचा तळवा बाळाच्या पाठीवरून खाली जातो, ती हात-पायांची हळूच एकमेकांवर घडी घालते, बाळ रडायचं थांबून तिच्याकडं बघत राहतं. हे नुसते लाड नव्हेत. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी 1986 साली दिवस पुरे न भरलेल्या बाळांना, दवाखान्यातच, रोज तीनदा 15 मिनिटं असा हात फिरवून आणि हातपाय हलवून पाहिलं. 10 दिवसांत त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा 47 टक्के अधिक वेगानं वाढलं.

पण त्या बाईला आधीच काही गोष्टी सांगायच्या, आणि सुमनच्या आईपेक्षा तू सांगितलंस तर ऐकतील. बाळाच्या नाकात, कानात तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. नाक सरळ करायला दाबायचं नाही, छाती पिळायची नाही, पायाला धरून उलटं लोंबकळवायचं नाही. मोहरीचं तेल नको. आणि परदेशी म्हणून ऑलिव्हचं तेल पाठवू नकोस, त्यानं कातडीचं वरचं आवरण सैल होतं असं अभ्यासात दिसलंय. घरचं खोबरेल पुरे. आपल्याकडची कोरडी थंडी तुला ठाऊक आहे. पाणी, पंचा, कपडे आधी जवळ घेऊन मगच बाळाला उघडं करायचं.

सुमनला सीझर झालं तर टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला कुणी हात लावायचा नाही, पाठ-पाय चालतील. पहिल्या सहा आठवड्यांत पायात गुठळी व्हायचा धोका वाढलेला असतो, म्हणून मघाशी पोटरीचं लिहिलं ते तिलाही वाचून दाखव. शेकशेगडी आणि ओव्याची धुरी करणारच असतील तर खिडकी उघडी ठेवून. दारं लावून कोंडलेल्या खोलीत निखाऱ्याचा वायू बाळ-बाळंतिणीला गुंगी आणतो, जीवही घेतो.

इथं घरी आबांना मी रात्री काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळून झोपवते. पाय काळे होतात, ते म्हणतात उष्णता निघाली. तो काळेपणा घाम, तूप आणि धातू घासल्याचा, पण त्यांना झोप चांगली लागते म्हणून मी चोळते. त्यांना साखर आहे, तळव्यांना स्पर्श कमी कळतो, त्यामुळं गरम विटेचा शेक मी बंद केला. भाजलं तरी त्यांना कळायचं नाही.

मालिश करणाऱ्याला निवडताना तो तुला काय विचारतो ते बघ. आजार, औषधं, जुनी मोडलेली हाडं, रक्त पातळ करायची गोळी, हे विचारणारा हात जाणता. आणि दुखतंय म्हटल्यावर जो थांबत नाही, दुखल्याशिवाय गुण कसा येणार म्हणतो, तो हात कितीही नावाजलेला असला तरी तुझ्या अंगाचा नाही. पाय मुरगळला की हाडवैद्याकडं धावायची आपल्याकडची सवयही सोड. सूज मोठी असली, पायावर भार घेता येत नसला तर आधी एक्स-रे. मोडलेल्या हाडावर चोळून, वर काचणारी पट्टी बांधून पाय काळे पडलेली माणसं मी दवाखान्यात आलेली पाहिली आहेत.

तर आता एवढं कर. या सोमवारी शेठना सांगून अर्धा दिवस सुट्टी घे आणि कंबर डॉक्टरला दाखव. तो म्हणाला नुसता स्नायू आहे, तर पदवीधर वैद्याकडं जा, हलक्या हातानं सुरुवात कर. आणि डॉक्टर काय म्हणाला ते मला त्याच दिवशी फोन करून सांग, पत्राची वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
आक्का