पुरानंतरची छत्री

अकोल्याहून खामगावच्या रस्त्याला लागले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर बाळापूर येते. अमरावतीकरांनी मूर्तिजापूर, अकोला करीत यावे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरील या गावात विटांचा भक्कम किल्ला आहे. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नवाब इस्माईलखानाने तो १७५७ मध्ये पुरा केला. किल्ल्याखाली बाळादेवीचे मंदिर आहे. गावाला नाव तिचेच.

वयोवृद्ध वाचकांनी मात्र नदीकाठच्या छत्रीकडे अधिक निवांतपणे पाहावे. १६६५ च्या पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मिर्झाराजे जयसिंगांनी ती काळ्या दगडात बांधली. काठावर बांधायचे म्हणजे नदीशी हिशेब आलाच. पुराने छत्रीच्या पायाला मोठी इजा केली. पुढे तिची दुरुस्ती झाली, म्हणूनच आज आपल्याला तिच्या सावलीत उभे राहता येते.

जपानमध्ये अशीच एक कथा घडली. चहावरील १९०६ च्या ग्रंथामुळे जगाला परिचित झालेले ओकाकुरा काकुझो १९०२ मध्ये भारतात येऊन गेले होते. पुढे १९०५ मध्ये त्यांनी इझुरा येथे समुद्रकाठच्या खडकावर रोक्काकुदो नावाची सहा बाजूंची छोटी लाकडी बैठक बांधली. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने ती ओढून नेली. मागे उरला तो पाया. तिची जपणूक करणाऱ्या इबाराकी विद्यापीठाने २०१२ मध्ये ती त्याच जागी पुन्हा उभी केली. लाकूड नवे, पण जागा, आकार आणि नाव जुनेच. हे शक्य झाले, कारण ती कशी होती याची नोंद आणि आठवण कोणीतरी राखली होती.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या मनातही अशा हरवलेल्या वास्तू असतात. पाडलेला वाडा, धाब्याचे घर, बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी, मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला गाडी. स्मृतिभ्रंशात बहुधा आजची सकाळ आधी पुसली जाते आणि बालपण पुष्कळ काळ टिकते. म्हणून आई जेव्हा ‘मला घरी जायचे आहे’ म्हणते, तेव्हा ‘हेच तर तुझे घर’ असे वारंवार सांगून तिची घालमेल वाढवू नये. ‘तुमच्या घराचे दार कोणत्या दिशेला होते? विहीर कुठे होती? चूल कुठे मांडलेली असायची?’ असे विचारावे. नातवंडांनी त्या वर्णनावरून वहीत नकाशा काढावा. तपशील चुकला तरी दुरुस्त करू नये. डोळे भरून आले तर थोडा वेळ हात हातात घेऊन बसावे आणि विषय हळूच बदलावा. या वहीने आजार बरा होणार नाही. परंतु माणसाला आपले कोणी ऐकते आहे, हे कळते. शुश्रूषेत याचे मोल औषधाहून कमी नाही.

ज्यांना झेपेल त्यांनी प्रत्यक्ष बाळापूरला जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ उत्तम. वऱ्हाडचे ऊन वृद्धांना सोसत नाही, आणि पावसाळ्यात काठ टाळावा. नदीकाठची वाट आधी घरातील तरुणाने पाहून यावी. काठी आणि घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते, म्हणून बसल्यावर मिनिटभर पाय हलवून मगच आधाराने उठावे. लघवीची गोळी प्रवासासाठी परस्पर बंद करू नये. वेळ बदलायची असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी जेवणाची वेळ पाळावी आणि खिशात साखर ठेवावी. पाणी घरूनच न्यावे.

छत्रीजवळ पोहोचल्यावर छायाचित्रांची घाई करू नका. बाबांना सावलीत बसवा, त्यांनी पाहिलेला पूर कसा होता ते विचारा आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबा. आणलेली वही तिथेच उघडा.